विभागीय कार्यालय, मंगल कार्यालय

मुरुम गावची मंडळी मला बघायला तामलवाडीत आली तेव्हा मी मधल्या खोलीत हेडफोन लावून विम्याच्या क्लेमचे कागद तपासत होतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. पोरीच्या मामांनी दारातून मला बराच वेळ निरखलं आणि आमच्या दादांना हळूच विचारलं, "पोरगा आजारी हाय का?"

"न्हाय हो. कामावर हाय."

"कामावर हाय तर घरी कसा?"

दादांना ते कधीच नीट सांगता आलं न्हाय. सांगणार तरी काय? लॉकडाऊनात कंपनीनं आम्हाला घरी धाडलं ते धाडलंच. धाराशिवचं ऑफिस आहे तसंच आहे, पण यायची गरज न्हाय, एवढंच कळवलं होतं. तीन वर्षं मी त्या बिल्डिंगीचं तोंड बघितलं नव्हतं.

पोरगी मला आधीच मुरुमला बघताक्षणी आवडली होती. शाळेत शिकवायची, आणि बोलायला फटकळ. तिला वडील नव्हते. मामांनीच वाढवलेलं, म्हणून मामांचा शब्द शेवटचा. तिनं फोनवर आधीच बजावलं होतं, "मामा न्हाय म्हणाले तर मी पळून-बिळून येणार न्हाय. तुमचं तुम्ही बघा."

आणि मामा म्हणत होते, "घर बघितलं, शेत बघितलं. आता नोकरी दाखवा."

"नोकरी कशी दाखवायची मामा?"

"कुठंतरी ठेवली असंलच की!"

मी म्हटलं, बुधवारी धाराशिवला या, स्टँडवर उतरून काचेच्या बिल्डिंगीतलं कार्यालय म्हणून कुणालाही विचारा. मी तिथंच असतो.

बुधवारी नेमकी माझी एसटी तुळजापूरला पंक्चर झाली. तासभर उशिरा पोचलो. बिल्डिंगीखाली बँडवाले चहा पीत बसलेले. वर बघितलं. आमची पाटी जागेवरच होती. "विभागीय कार्यालय" मधलं "विभागीय" तेवढं पुसून पेंटरनं तिथं "मंगल" लिहिलं होतं. मालकानं नव्या पाटीचासुद्धा खर्च वाचवलेला!

जिन्यातच मामांचा आवाज ऐकू आला. "थांबवा! थांबवा म्हणतो ना!"

झालं होतं असं. मामा चार माणसं घेऊन वर आले, तर दारात अंगावर गुलाबपाणी उडवून कुणीतरी विचारलं, "मुलीकडचे का?" मामा म्हणाले, "व्हय, मुलीकडचेच." लगेच डोक्याला फेटा बांधून त्यांना पुढच्या रांगेत बसवलं. मामांना वाटलं, लई खानदानी ऑफिस आहे. मग मंगलाष्टका सुरू झाल्या. नवरदेवाचं तोंड मुंडावळ्यांत झाकलेलं. मामांनी विचारलं, पोरगा कुठाय? शेजारचा म्हणाला, तो काय वर उभा. मामांची खात्रीच झाली, मी दुसरीशी लग्न लावतोय, आणि तेही त्यांना बोलावून.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "मामा, मी इथंय!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्टेजकडं. "मग हा कोण बाबा?"

खऱ्या वधूच्या बापानं आम्हा सहाजणांना कडेच्या खोलीत कोंबलं. दारावर "वधू कक्ष" लिहिलेलं. पूर्वी ती मॅनेजरची केबिन होती. तिथं मला उभं राहायला अजूनही भीती वाटली, खरं सांगतो. मामांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला. "म्हणजे नोकरी न्हाय. इथं हॉल हाय. सरळ सांगायचं होतं."

सगळं संपलं, असं मला वाटलं. काम तरी दाखवावं म्हणून पिशवीतला लॅपटॉप उघडला, तेवढ्यात त्यावर मॅनेजरचा कॉल.

"कुठं आहात तुम्ही? मागं सनई कसली?"

"ऑफिसात आहे, सर."

"खोटं बोलू नका!"

"खरंच सर, तुमच्याच केबिनमध्ये आहे."

मग जे सुरू झालं! पंधरा मिनिटं माणूस श्वास न घेता बोलला. कालचे तीन क्लेम, परवाची चूक, माझी एकूण लायकी. मी "जी सर, हो सर" करत राहिलो. मामा शेजारी सरकून बसले. कान देऊन ऐकू लागले. हळूहळू त्यांचा चेहरा फुलत गेला.

कॉल संपल्यावर ते आपल्या माणसांना म्हणाले, "नोकरी खरी हाय. फुकटात कोण एवढी बोलणी खाईल का?"

उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमी बसत कुठं होता?" मी बाहेर तिसऱ्या खिडकीखाली, फरशीतला वायरीचा सॉकेट दाखवला. आता त्याला खेटून जिलेबीची परात होती. मामांनी वाकून तो सॉकेट बोटानं पुसला.

आमच्या लग्नाला हॉल कुठला, यावर चर्चाच झाली न्हाय.

कंपनीतले सगळे आले. लातूर, बार्शी, येडशी, कुठून कुठून. तीन वर्षं स्क्रीनवरच्या चौकोनात बघितलेल्या माणसांना पायसुद्धा आहेत, याचं मला नवल वाटलं. बुद्धवंदना सुरू झाली, सगळे हातात फुलाच्या पाकळ्या घेऊन उभे राहिले. स्टेजवरून माझं लक्ष गेलं. कुणीही न सांगता जो तो आपापल्या जुन्या टेबलाच्या जागी उभा होता. मॅनेजर वधू कक्षाच्या दारात. सगळा स्टाफ हजर.

माझी तेवढी जागा रिकामी असणार, म्हणून मी तिसऱ्या खिडकीकडं बघितलं. तिथं मामा उभे होते, सॉकेटवर पाय रोवून. मागून रेटणाऱ्या पाहुण्यांना हातानं अडवत म्हणत होते, "ओ, तिकडं सरका. ही जागा भरलेली हाय. आमचे जावई बसतात इथं."