अण्णांचं पाचवं लिनक्स

सुरळीत चालणारा संगणक दिसला की अण्णांचे हात शिवशिवायचे. टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी गळ्यात पेनड्राइव्हची माळ घालून सोलापूरभर हिंडत. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकटातली प्रणाली. तिच्या जाती शेकड्यानं, आणि अण्णांच्या प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये एक वेगळी.

माझ्या जुन्या संगणकाला नवं विंडोज झेपेना, तेव्हा त्यांनी उबंटू घालून दिलं. मी खूश! महिन्याभरात मिंट आलं. मग डेबियन, मग फेडोरा. फायली जागच्या जागी असत, पण बाकी सगळं नव्यानं शोधायचं. मी वैतागले की म्हणायचे, "बाई, एवढ्या तऱ्हा हायत, बघायला नकोत व्हय?"

"अण्णा, मला साड्या नाही निवडायच्या, टाइप करायचंय!"

पण ऐकतील तर शपथ.

त्या संगणकात माझी आठ वर्षं होती. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळांकडून टिपून घेतलेले शब्द. मेंढीच्या रंगाचे, कानांचे, दुखण्यांचे. सांगणाऱ्यांतली निम्मी माणसं आता नाहीत. दुसरीकडे उतरवून ठेवायचं रोज ठरवायची आणि रोज राहायचं.

लेकीकडे भिवंडीला कायमचे जायच्या आदल्या दिवशी अण्णा आले. "जाता जाता एक घालतो. लई हलकं हाय." मी नको नको म्हणेपर्यंत बसलेसुद्धा. मी चहा घेऊन आले तर संगणकाचा पडदा नवा कोरा, आणि माझा फोल्डर गायब.

"अण्णा, आठ वर्षं घालवलीत माझी! दुसऱ्याच्या कष्टांची काही किंमत आहे का तुम्हाला?" आणखीही बोलले. आता आठवलं तरी लाज वाटते.

"थांबा की, बाई. डिस्कवर दोन खोल्या केल्यात मी, पहिल्या दिवसापासनं. एकीत लिनक्स, दुसरीत तुमचं सामान. मी बदलतो ती लिनक्सची खोली. तुमच्या खोलीचं दार ह्या नव्याला दाखवायचं तेवढं राहिलंय."

त्यांनी दोन ओळी टाइप केल्या. सगळं समोर आलं. मी एकेक फाइल उघडून पाहिली, अगदी शेवटपर्यंत. "सुटले बाई!" म्हणत रडायलाच लागले.

माफी मागायला तोंड उघडलं, तर अण्णाच संकोचून म्हणाले, "त्यातलं थोडं वाचून दावा की. पाच येळा सांबाळलं, पन उघडून कदी बघितलं न्हाय. दुसऱ्याचं असतंय ते."

मी डोळे पुसले आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागले.