पोर्ट ९९५

झेरॉक्सच्या तापलेल्या शाईचा वास आला की लातूरच्या त्या कोचिंग क्लासचं ऑफिस आठवतं आणि माझं डोकं सणकतं. मी तिथं कॉम्प्युटर सांभाळायचो. खेड्यातल्या पोरींना कुठला ईमेल असणार, म्हणून क्लासचे मालक, आमचे सर, सगळ्यांच्या प्रवेशअर्जावर क्लासचाच पत्ता टाकायचे. मेल सुरक्षित यावेत म्हणून मी सेटिंगमध्ये ९९५ हा पोर्ट नंबर, म्हणजे मेल उतरायच्या सुरक्षित वाटेचा नंबर, भरून एन्क्रिप्शनची टिक लावली होती, पण त्यामुळं रोज सकाळी इशाऱ्याची एक चौकट उघडायची. मी बहिणीच्या लग्नाला नांदेडला गेलो, तेवढ्यात सरांनी "कटकट नको" म्हणून ती टिक काढली, जुना, असुरक्षित वाटेचा ११० नंबर टाकला आणि मेल यायचेच बंद झाले. परतलो तर भूकंपानंतर वसवलेल्या गावातला एक बाप टेबलापुढं उभा होता. "लेकीचं कालिजचं पत्र आलं का हो?" सर मान वर न करता म्हणाले, "फोनवर सांगितलं ना? आलं नाही म्हणजे नंबर लागला नाही." मी सेटिंग उघडलं, तिथं ११० दिसला, टिक परत लावून ९९५ टाकलं. मेल धडाधड उतरले. तिचं पत्र त्यातच होतं. हजर व्हायची मुदत आदल्याच दिवशी संपली होती, जागा गेली होती. "मशीनचा दोष आहे," सर म्हणाले. मी ओरडलो, "मशीनला हात कुणी लावला?" बाप हळूच म्हणाला, "म्हंजी नंबर लागला व्हता? तुमी न्हाई म्हनलात म्हनून मी लई मारलं की हो तिला." पुढच्या महिन्यात क्लासच्या दारावर प्रवेश मिळालेल्या पोरींचा मोठा फलक लागला, आणि त्यात सरांनी तिचंही नाव छापलं होतं. तो फलक मी तेव्हाच का फाडला नाही, याचा राग आजही माझा मलाच येतो.