पूजेत मोडकं चालत नाही

अन्याय माझ्या काकांवर झाला. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्याच अंगणात. करणाऱ्याच्या हातात तेव्हा आमच्याच घरच्या श्रीखंडाची वाटी होती.

हा माणूस विमा कंपनीने पाठवलेला सर्वेयर. नवरात्रात आमच्या शहरातल्या गोरखी भागात उभ्या असलेल्या काकांच्या गाडीला मागून लोडिंगचा टेम्पो ठोकून पळाला होता. फोनवर सर्वेयर म्हणाला, दसऱ्यानंतर येतो. तोवर गाडीला हात लावू नका, हे त्याने सांगितलं नाही. काकांनी हात लावला. आमचं घराणं फौजेतलं, पिढ्यान्‌पिढ्या या हिंदी मुलखात वसलेलं. दसऱ्याला पणजोबांच्या तलवारीशेजारी गाडी पुजतात आणि पूजेत मोडकं चालत नाही. काकांनी माधवगंजातल्या डेंटरकडून पत्रा ठोकून घेतला, बंपर तारेने बांधून घेतला, गाडी धुतली, झेंडूची माळ घातली.

"काका, पुरावाच धुऊन टाकलात तुम्ही," मी म्हटलं.

"मग काय फुटक्या गाडीला कुंकू लावू? आणि माणूस आपल्या घरी येणार. तू आपली ती ग्राहक हक्कांची पत्रकं वाट, जा."

सर्वेयरने गाडीभोवती एक चक्कर मारली, माळेसकट फोटो काढले, श्रीखंड संपवलं आणि गेला. डिक्की उघडून बघितली नाही. बघायला गेला असता तरी उघडली नसतीच. आतला पत्रा वाकून झाकण अडकलं होतं, आणि खरं नुकसान तेच होतं. काकूंना लकवा झाल्यापासून त्यांची व्हीलचेअर त्या डिक्कीतून जायची. रिक्षात त्यांना चढता येत नाही. डिक्की बंद म्हणजे व्यायामाचा दवाखाना बंद, आणि नुकता कुठे हलायला लागलेला हात पुन्हा मांडीवर पडून.

कंपनीने देऊ केले ते रंगापुरते. आम्ही ऑफिसात गेलो. रस्ताभर मी मुद्दे पाठ केले होते. खुर्चीत बसायच्या आत काका म्हणाले, "साहब, आपको जो उचित लगे, दे दीजिए।"

डिक्कीचं मी तावातावाने सांगितलंच, पण साहेबांना काकांचं बोलणं बरं वाटलं. "देखिए, अंकलजी कितने समझदार हैं। मैडम, आप ही गरम हो रही हैं।" आणि कागद पुढे सरकवला. त्यावर सही केली की दावा पूर्ण आणि अंतिम मिटला. काकांनी खिशातून पेन काढलं. मी ते काढून घेतलं. चारचौघांत काकांच्या हातातून वस्तू ओढणं आमच्या घरात कुणी केलेलं नाही.

खाली आल्यावर काका म्हणाले, "आपले लोक मागत नाहीत. देणारा देतो."

"देणारा? हप्ते तुम्ही भरलेत. हे दान नाहीये, काका."

"तोंड सांभाळ."

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची वाचा शाबूत आहे, जरा जास्तच. म्हणाल्या, "मागायची लाज तुम्हाला, आणि खाटेवर पडायचं मी. छान वाटणी आहे."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच गाडी काढली. ऑफिसखाली लावली, वर गेले आणि साहेबांना म्हणाले, "दो मिनट नीचे आइए। बस डिक्की खोल दीजिए, मैं साइन कर दूँगा।"

साहेब आले. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग पाय टेकवून. शेजारच्या टपरीवरचा पानवाला म्हणाला, "साहब, ज़ोर लगाओ, आपकी ही कंपनी है।" झाकण हललं नाही. सर्वेयरच्या अहवालाची प्रत मी आधीच लेखी मागून घेतली होती. त्यात डिक्कीपुढे लिहिलेलं होतं: ठीक. साहेबांनी ते वाचलं, रुमालाने हात पुसले आणि पुन्हा तपासणी लावली.

या वेळी गाडी वर्कशॉपमध्ये खोलली. आतला पत्रा आणि झाकण मंजूर झालं. डेंटरची मजुरी नाही मिळाली. ती चूक आमची होती, काकांनी मानली. प्लास्टिकच्या भागांवर जुनेपणापोटी धरलेली घट पॉलिसीत लिहिलेली होती, तीही मानली. बंपरमागचा आधाराचा पट्टा मात्र साहेबांनी यादीतून सोडून दिला होता. माझं तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "यह उचित नहीं है।" पट्टा यादीत जोडला गेला. मग सही.

काकू आता पुन्हा दवाखान्यात जातात. हाताचं काय होईल ते सांगता येत नाही. मधले आठवडे कुणी भरून देत नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्याही घरी अशी शालीन माणसं असतील. म्हणून सांगते. सर्वेयर येईपर्यंत गाडी धुऊ नका. फुटकी आहे तशीच पुजा. देवाला चालतं, विमावाल्याला दिसू द्या. चहा पाजा, पण डिक्की त्याच्याच हाताने उघडायला लावा. अहवाल मागा, वाचा. आणि तोवर पेन खिशातच ठेवा.