टकल्याचं कार्टून आणि नानासोचा कावळा

नानासो गेला, हा धक्का मी कसाबसा पचवला. पण त्याच्या दहाव्याला नदीवर जे घडलं, त्यानं मी असा हादरलोय की कुणी समोर बसलं की तेच सांगत सुटतो. आता तुम्ही बसलाय, तर ऐका.

नानासो माझा चुलतभाऊ, माझ्याहून थोरला. कोरेगावच्या अलीकडं आमचं गाव, आणि त्याचा ऊस नि माझा ऊस यांच्यामध्ये एकच बांध. फौजेतून हवालदार होऊन तो परत आला तो बोलणं तिकडंच ठेवून. लग्नकार्यात कोपऱ्यात ताठ बसायचा. काही विचारलं तर 'व्हय' नाहीतर 'न्हाई'. बांधावरून आमचं वाजलं तेव्हाही शिव्या सगळ्या मीच दिल्या, हा नुसता बघत राहिला. अशा माणसाशी भांडायलाही मजा येत नाही.

आणि हा माणूस रोज संध्याकाळी सातला कार्टून बघायचा. हिंदीत बोलणारं, एका टकल्या ढेरपोट्या बापाचं. दर भागात टकल्या घरातलं काहीतरी दुरुस्त करायला शिडीवर चढतो आणि सगळं अंगावर पाडून घेतो. नानासोचा विश्वजीत तिसरीत होता तेव्हा ते सुरू झालं. विश्वजीत शिकला, फौजेत भरती झाला, त्याला मिशा आल्या. टकल्याचं पोरगं अजून तिसरीतच आहे.

विश्वजीत सुट्टीवर आला की बापाला म्हणायचा, "आबा, आता त्यात काय राम राहिला न्हाई. तेच तेच दाखवत्यात."

मीही री ओढायचो, "एकेकाळी बरं हुतं. आता हसूच येत न्हाई."

"आजून हसवतंय," नानासो म्हणायचा. एवढंच.

एकदा मी पाना मागायला सातच्या सुमारास त्याच्या घरी गेलो आणि दारातच थबकलो. आमचा मुका हवालदार मोठमोठ्यानं बोलत होता. अंबूबाई वहिनी टीव्हीकडं पाठ करून भाकरी थापत होत्या, आणि हा टकल्याचा प्रत्येक विनोद त्यांना नव्यानं सांगत होता. नुसता सांगत नव्हता, करून दाखवत होता. पोट पुढं काढून, डोक्यावर पातेलं घालून तो पलंगाच्या कडेवर चढला आणि धाडकन गादीवर पडला. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. मी पाना न मागताच उभा राहिलो.

भाग संपल्यावर त्यानं विचारलं, "आज तरी हसलीस का?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. खांदे तेवढे हलत होते, भाकरी थापताना हलतात तसे.

"बरं. मग उद्या."

पुढं कळलं की हे रोजचंच. इतकी वर्षं हा रोज हरत होता, आणि त्या बाईला एकदा खोटं खोटं हसायलाही होत नव्हतं. मला तिचा रागच आला.

मग एका सकाळी डेअरीत दूध घालून नानासो पायरीवर टेकला, तो उठलाच नाही. सुतकात टीव्ही लावत नाहीत, म्हणून वहिनींनी त्याच्यावर टॉवेल टाकला. सात वाजले की घर इतकं गप व्हायचं की मला तिथं बसवत नसे.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड मांडला आणि सगळे मागं सरले. समोरच्या बाभळीवर कावळे भरपूर, पण एक खाली येईना. मयताची इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. लोक कुजबुजायला लागले.

विश्वजीत पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आबा, आईला मी सांभाळतो. काळजी करू नगा." कावळा हलला नाही.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मला घाम फुटला. काय बोलतोय ते कळायच्या आत मी बोलून गेलो, "नाना, बांध तुझा. घेतला म्हण." सगळ्या भावकीसमोर. एकाही कावळ्यानं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही. बांध मात्र गेला.

ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. विश्वजीतचा चेहरा उतरला. बापाच्या मनात काय राहिलं ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आता गवताचा कावळा शिवणार, हे त्याच्यानं बघवेना. तेवढ्यात बायकांतून वहिनी उठल्या. पिंडासमोर जाऊन बसल्या, पदर सावरला आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"आवं, मी हसत हुते. रोज. पाठ केली हुती म्हणून तुमास्नी दिसलं न्हाई."

बाभळीवरनं एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडावर चोच मारून गेला.

गुरुजींच्या हातातला दर्भ खाली पडला. विश्वजीत लहान पोरासारखा रडायला लागला. मीही रडलो, लपवत नाही.

परतताना मी विचारलं, "वहिनी, मग एकदा तरी सांगायचं हुतं की. किती खूश झाला आसता."

"सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिवशीपासनं परत गप झालं आसतं ते," त्या म्हणाल्या. "सबंध दिवसात तेवढंच बोलायचं, भावजी."

तेराव्यानंतर विश्वजीतनं टॉवेल काढला आणि सातला टीव्ही लावला. मी मनात म्हटलं, चला, मी नि विश्वजीत, दोघंही हरलो. ज्याला ही बाई रोज हसली ते कार्टून अजून हसवत असणार. वहिनी पहिल्यांदाच टीव्हीकडं तोंड करून बसल्या. टकल्या शिडीवर चढला, पडला. कपाट त्याच्या अंगावर आलं. टीव्हीतली माणसं खोखो हसली. वहिनींनी शेवटपर्यंत बघितलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"ह्ये व्हय?" त्या म्हणाल्या. "ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

मी चाट पडलो. "वहिनी, तुमी तर रोज हसत हुता न्हवं?"

"ह्याला कवा हसले मी? ह्ये तर मी आजच बघितलं."

त्या उठल्या आणि टीव्हीकडं पाठ करून नेहमीच्या जागी परातीसमोर जाऊन बसल्या. खांदे हलायला लागले. परातीत पीठ नव्हतं.