बोळकं पाहिजे

आमच्या समोरच्या फुटपाथवरचं सलून एक बाई चालवते आणि पुरुषांच्या दाढ्या करते, असं सांगितलं की नवीन माणूस आधी हसतो. मग एकदा भीत भीत जाऊन येतो, आणि पुढच्या वेळी न सांगता जातो. सगळे तिला कात्रीताई म्हणतात.

दुकान खरं ताईंच्या नवऱ्याचं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि न फोडता त्यावरून वस्तरा फिरवायचा. त्या दिवसांत त्यांच्या घरातून सारखे फटाफट आवाज यायचे. आम्हाला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. मग आवाज थांबले आणि ताई एप्रन बांधून खुर्चीमागे उभ्या राहिल्या. नवरा तेव्हापासून गल्ल्यावर बसतो. हात थरथरतात, पण जिभेला काही झालेलं नाही. ती दिवसभर चालू असते.

या दोघांच्या मुलीला, बबीला, दातांची डॉक्टर व्हायचं होतं. सरकारी कॉलेजचा प्रवेश थोडक्यात हुकला. खासगी विद्यापीठाच्या कॉलेजात जागा मिळाली, पण तिथल्या फीचा आकडा ऐकून मी हातातला कप खाली ठेवला. ताईंनी दुकान बँकेकडे गहाण टाकलं आणि कर्ज काढलं.

ताईंचे मोठे दीर त्या आठवड्यात मुद्दाम चहाला आले होते. मी तिथेच होते.

"एवढ्या पैशात दुसरं दुकान झालं असतं," ते म्हणाले. "उरलेल्यात पोरीचं लग्नही उरकलं असतं."

"दुकान आहे की एक, भावोजी," ताई बशी पुढे करत म्हणाल्या. "डॉक्टर एकही नव्हता घरात. बिस्किट घ्या."

भावोजींनी बिस्किट घेतलं. दुसरं काही घेण्यासारखं उरलंच नव्हतं.

फी भरली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दातांच्या डॉक्टरकीत शेवटच्या वर्षी प्रत्येकाला ठरावीक काम स्वतःच्या हातांनी करून दाखवावं लागतं. इतके दात काढायचे, इतके भरायचे, इतक्या कवळ्या बसवायच्या, आणि पेशंट आपले आपण आणायचे. एवढं चकचकीत काचेचं कॉलेज, पण पेशंट नाहीत! विद्यार्थ्यांकडचे उपचार जवळपास फुकट असतात. पण ती इमारत बघूनच लोकांना वाटतं की इथे आत पाऊल टाकायचेही पैसे लागत असतील. त्यात ती गावाबाहेर, दोन बस बदलून. वेळेत काम पुरं झालं नाही तर सहा महिने जास्त बसायचं, आणि त्या सहा महिन्यांची पूर्ण फी वेगळी.

बबीच्या कर्जातला शेवटचा पैसा शेवटच्या सहामाहीत संपला होता. गहाण टाकायला दुसरं दुकान नव्हतं.

ताईंनी आरशावर एक कागद चिकटवला. 'दात दाखवून या, दाढी फुकट.' महिनाभर आमच्या रस्त्यावरचं निम्मं पुरुषमंडळ बसने कॉलेजला जाऊन येत होतं. मीसुद्धा एक दाढ भरून आले. बबी दोन मिनिटं काम करायची आणि सरांची वाट बघत थांबायची. सर येऊन "हं" म्हणायचे, की पुन्हा दोन मिनिटं काम. तीन तास मी आ वासून पडले होते. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "आज पहिल्यांदा तुझं तोंड उघडं असूनही शांतता होती." दाढ मात्र उत्तम भरली आहे. आजतागायत ठणकलेली नाही.

सगळं काम झालं, एक सोडून. वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी. त्यासाठी एकही दात नसलेला माणूस हवा आणि त्याने पाच-सहा वेळा यायला हवं. एक आजीबाई तयार झाल्या होत्या. मापं घेऊन झाली आणि त्या उठून थोरल्या मुलाकडे परदेशी निघून गेल्या. फोनवर बबी रडत होती आणि गल्ल्यावर तिचे बाबा फोन कानापासून लांब धरून बसले होते.

"अगं, आपल्या एवढ्या गिऱ्हाइकांत एकही बोळकं नाही?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाच्या गळ्याभोवती कापड बांधायला लागल्या.

संध्याकाळी त्या दुकान झाडत होत्या तेव्हा मी पुन्हा विचारलं. "खरंच कुणी नाही, ताई?"

"आहेत एकजण. पण नाव सांगणार नाही, तुम्हालाही नाही." झाडू थांबला नाही. "दात नसले की गाल आत जातो, वहिनी. पात्याखाली लगेच कळतं. कवळी घातली असली तरी कळतं, विशेषतः ती सैल असली की. ते कुणाला कळू देत नाहीत. मी तीन वर्षं बघतेय."

"मग त्यांना एकट्याला गाठून विचारा ना. बबीचे सहा महिने जातायत."

"विचारलं की त्यांना कळणार, मला माहीत आहे ते. मग ते दाढीला कुठं जाणार?" त्यांनी केस सुपलीत भरले. "माणूस मान मागे टाकून डोळे मिटून बसतो माझ्यासमोर. हातात माझ्या वस्तरा असतो. त्याचा फायदा नाही घ्यायचा."

मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला. ज्याच्या पोरीचं शिक्षण अडलंय त्याने एवढं ताठ राहू नये, असं वाटलं.

त्या रविवारी मी सासऱ्यांना केस कापायला घेऊन गेले. दुकान भरलेलं होतं. खुर्चीवर फोटोवाले काका होते, तोंडाला फेस, मान मागे. काकांचा कोपऱ्यावर स्टुडिओ होता. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येकाचा पासपोर्ट साइज चेहरा त्यांनी काढलेला आहे. कायम कडक इस्त्रीचा शर्ट. बोलताना तोंडापुढे हात धरायची त्यांची जुनी लकब. आम्ही तिला नम्रपणा समजत होतो.

गल्ल्यावरून ताईंच्या नवऱ्याला राहवलं नाही. "मंडळी, एक जाहिरात! पोरीला बोळकं पाहिजे. साफ, दोन्हीकडून रिकामं. कुणाच्या घरी असेल तर सांगा, कवळी फुकट बसवून मिळेल!"

दुकान खदखदून हसलं. माझे सासरे उत्साहाने पुढे सरकले. "माझे दोनच राहिलेत. ते उपटून टाका म्हणावं, की झालो मी रिकामा!"

"बाबा, खाली बसा," मी म्हटलं.

ताई हसल्या नाहीत. त्यांचा वस्तरा काकांच्या गालावरून एका लयीत उतरत राहिला. त्या आरशातही बघत नव्हत्या. मग कापडाखालून काकांचा हात वर आला आणि त्यांनी ताईंचं मनगट धरलं. ताईंनी वस्तरा बाजूला घेतला. काकांनी खाली मान घातली, तोंडाशी काहीतरी केलं आणि समोरच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी, वरची आणि खालची कवळी ठेवली.

अर्ध्या चेहऱ्यावर फेस आणि मिटलेलं, आत गेलेलं तोंड. मला ते ओळखूच येईनात.

"ही चावत नाही. नुसती वाजते," काका म्हणाले. शब्द फुसफुसत येत होते. "तुला माहीत होतं."

"हो, काका."

"पोरीचं एवढं अडलं होतं. मागितलं का नाहीस?"

"दात तुमचे आहेत, काका. फी माझी आहे."

काका आरशातून आमच्याकडे बघत राहिले. आम्ही सगळे कुठे बघावं ते न कळून छताकडे, जमिनीकडे बघत होतो. मग ते म्हणाले, "अरे, असे काय बसलात? हसा! चाळीस वर्षं हेच ओरडतोय मी तुमच्यापुढे."

सगळ्यात आधी काकाच हसले. तोंडापुढे हात न धरता. तसं बोळकं हसणं मी पुन्हा पाहिलेलं नाही.

पुढे काका प्रत्येक वेळी कॉलेजला गेले, आणि गेले तेही भांडायला. बबीने पांढरेशुभ्र, एका ओळीतले दात आधी मेणात लावून दाखवले तर म्हणाले, "हे माझे नाहीत. हे टूथपेस्टच्या जाहिरातीतले आहेत." मग खिशातून स्वतःचा तरुणपणचा फोटो काढला. पुढचा एक दात किंचित तिरका होता. "असा लाव." बबी घाबरून सरांकडे गेली. सरांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरोबर बोलतायत ते. लाव तसाच." त्या एका तिरक्या दातासाठी बबी दोन दिवस मेणात खोदत बसली. सरांनी सही केली, तेव्हा मुदत संपायला चार दिवस उरले होते.

निकालाचा फोन आला तेव्हा ताईंच्या खुर्चीवर एक पोस्टमन होते, डोक्याची डावी बाजू कापून झालेली. मी तिथे दुधाच्या पिशव्या घेऊन उभी. नवऱ्याने फोन घेतला, ऐकला, आणि त्यांचे हात इतके हलायला लागले की फोन गल्ल्यात पडला. ते काही बोलले नाहीत. पहिल्यांदाच.

"झाली?" ताईंनी विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

"अहो, जा की बाहेर, सांगा सगळ्यांना," पोस्टमन म्हणाले. "मी बसतो."

"अर्ध्या डोक्याचा माणूस सोडून कुठं जाऊ?" ताई म्हणाल्या. "मान सरळ ठेवा."

त्यांनी उजवी बाजू कापली. कानामागचे केस नीट साफ केले, मानेवर पावडर मारली, आरसा मागे धरून दाखवला. कुठेही घाई नाही. कात्रीचा आवाज नेहमीचा. फक्त डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता हप्ते सुरू होतील ना, ताई?" पोस्टमन उठल्यावर मी हळूच विचारलं. आनंदाच्या वेळी असलं विचारू नये, पण गेली पाच वर्षं ते माझ्याही डोक्यात होतं.

"पुढच्या महिन्यापासून. बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "बबी म्हणते, सगळे मीच भरणार. म्हटलं, निम्मे तू भर, निम्मे मी. डॉक्टर एकटीने झाली नाहीस."

मग त्यांनी एप्रनने तोंड पुसलं, खुर्ची झटकली आणि बाकावर बसलेल्यांकडे वळल्या.

"चला, कोण आहे पुढे?"