अण्णांच्या दुकानातली शेवटची वर्षं

मूर्ती आणि मी अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी चामराजपेटेतल्या एका हॉटेलात कॉफीला भेटतो. बिल येईपर्यंत दुकानातले दोन-तीन किस्से निघतातच. दर वेळी मला वाटतं, आता संपले. मग मूर्ती तळाशी उरलेली साखर ढवळत म्हणतो, "सुमनक्का, ते आठवते का..." आणि आणखी एक निघतो!

मूर्ती कन्नड. पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत वाचत तो दुकानातच मराठी शिकला. मी निपाणीची, लग्न होऊन बंगळुरात आले. आम्ही दोघं वामनअण्णांच्या पुस्तकांच्या दुकानात कामाला होतो. अण्णांचं कुटुंब आजोबांपासून इथलंच. घरात मराठी, बाहेर कन्नड, भांडताना दोन्ही! दुकानात पुढे इंग्रजी आणि कन्नड पुस्तकं, मागची अख्खी भिंत मराठी. मी सांगतेय ते नव्वदच्या दशकातलं. दुकानाची ती शेवटची वर्षं होती, पण ते आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं?

* * *

सीडी नुकत्याच आल्या होत्या. टाय लावलेला एक सेल्समन दुकानात शिरला आणि त्याने एक चकचकीत तबकडी काउंटरवर ठेवली.

"सर, तुमच्या त्या वरच्या फळीवरचा अख्खा ज्ञानकोश या एका सीडीत आहे. रंगीत चित्रं आहेत, आवाज आहेत. वाघावर क्लिक केलं की डरकाळी ऐकू येते!"

अण्णांनी सीडी उचलली. दाराशी उजेडात नेली. उलटी केली, सुलटी केली, चष्मा काढून पुन्हा बघितली.

"काय दिसतंय सर?" सेल्समनने कौतुकाने विचारलं.

"एक म्हातारा दिसतोय," अण्णा म्हणाले.

सेल्समन हसला. मूर्ती आणि मीही हसलो. अण्णा तेवढे हसले नाहीत. ज्ञानकोशाची नवी ऑर्डर ते दर वर्षी द्यायचे, त्या वर्षी दिली नाही.

* * *

निखिल पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला मुलगा. इथे त्याचं कुणी नव्हतं. दर शनिवारी यायचा आणि मागच्या भिंतीशी उभा राहून दिवाळी अंक वाचायचा. घ्यायचा काहीच नाही. अण्णा त्याला कधी बोलले नाहीत. पोरगा मराठी अक्षरं बघायला येतो, येऊ दे, म्हणायचे.

एकदा अण्णांनी सहज विचारलं, "तू नक्की करतोस काय रे ऑफिसात?"

निखिल खुलला. "काका, आमचा क्लायंट अमेरिकेत आहे. लोक घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तक शोधणार, बटण दाबणार, की पुस्तक दारात हजर!"

"म्हणजे दुकानात यायचं नाही?"

"दुकानच लागणार नाही ना!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. कान लाल झाले त्याचे.

अण्णांनी काउंटरमागचं स्टूल ओढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. "ते होईपर्यंत बसून वाच. उभ्याने पाय दुखतात."

त्या दिवसापासून निखिल दर शनिवारी एक पुस्तक विकत घ्यायला लागला. मी पहिल्यांदा त्याचं बिल करायला घेतलं तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, "सुमन, याला डिस्काउंट देऊ नकोस. त्याला बरं वाटू दे."

* * *

शेजारच्या टेलरने दुकान सोडलं आणि तिथे सायबर कॅफे आला. आत मशीन थोडी, त्यात नेट सारखं बंद पडायचं, आणि बाहेर मुलं ढीगभर! उन्हात कुठे उभं राहायचं? आमच्याकडे पंखा होता. मुलं सरळ आत यायची, कुठलंही पुस्तक उघडून धरायची आणि एक डोळा रस्त्यावर ठेवायची.

अण्णांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. त्या रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. पुस्तकांवर त्यांचा जुना राग. लग्नात मिळालेल्या पाटल्या या दुकानात गेल्या, हे त्या कुणालाही ऐकवायच्या. एक दिवस त्या दारातच थबकल्या.

"एवढी गर्दी? कसली?"

"गिऱ्हाईकं!" अण्णांनी छाती फुगवून सांगितलं.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी ओरडलं, "नेट बंतु! नेट बंतु!" म्हणजे नेट आलं. झालं! क्षणात दुकान रिकामं. एकाने हातातलं पुस्तक पालथं जमिनीवरच टाकलं होतं.

अण्णा जागचे हलले नाहीत. अक्कांनी वाकून ते पुस्तक उचललं, पदराने पुसलं आणि दिसेल त्या फळीवर ठेवलं. स्वयंपाकाचं पुस्तक कायद्याच्या पुस्तकांत गेलं!

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "भात गार होतोय."

मूर्ती अजून म्हणतो, "अक्काने पुस्तक हातात धरलेले मी तेव्हा प्रथमच अवलोकन केले!"

* * *

पाटणकर के. आर. पुरमला राहायचे, रेल्वेत कारकून होते. दर रविवारी सकाळी यायचे आणि एक जाडजूड कादंबरी उभ्याउभ्या वाचायचे. पुरात ताटातूट झालेल्या कुटुंबाची गोष्ट होती ती. एक प्रकरण झालं की खुणेला बसचं तिकीट घालून पुस्तक जागेवर ठेवायचे. आम्हीही ते तिकीट काढत नव्हतो.

एका आठवड्यात कुणा बाईंना लग्नात भेट द्यायला जाड पुस्तक हवं होतं. मूर्तीने नेमकं तेच विकलं.

रविवारी पाटणकर आले. फळीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला. "अहो, शेवटचं प्रकरण राहिलं होतं हो माझं!" माणूस अगदी रडवेला झाला. अण्णांनी लगेच पुण्याला फोन लावला. प्रकाशकाने सांगितलं, आवृत्ती संपली, नवी काढणार नाही. कोण घेतं हल्ली एवढं जाड पुस्तक?

अण्णा फोन ठेवून म्हणाले, "मी वाचलंय ते. सांगतो शेवट."

वाचलं नव्हतं! मला पक्कं माहीत होतं. पण अण्णांनी सांगायला सुरुवात केली. "धाकटा मुलगा सापडतो. आई जिवंत असते. थोरलाही बायकोपोरांना घेऊन येतो. सगळे पुन्हा एका घरात जेवायला बसतात."

पाटणकरांनी डोळे पुसले आणि घाईघाईने निघून गेले. मग बरेच महिने आलेच नाहीत.

आले तेव्हा दाढी वाढलेली, शर्ट ढगळ झालेला. काउंटरपाशी येऊन म्हणाले, "अण्णा, ते पुस्तक मला एका लायब्ररीत मिळालं. त्यात कुणीच परत येत नाही."

अण्णांनी मान खाली घातली.

"आमची ही अंथरुणाला खिळलेली होती," पाटणकर म्हणाले. "मी इथे एक प्रकरण वाचायचो आणि घरी जाऊन तिला सांगायचो. तुम्ही सांगितलेला शेवटही तसाच सांगितला. दोनदा सांगायला लावला तिने. त्याच आठवड्यात गेली." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं झालं, खरं पुस्तक मला उशिरा मिळालं."

* * *

इनामदार सर आमचे जुने गिऱ्हाईक. ते वारले आणि मुलगा अमेरिकेहून आला. त्याने वडिलांची सगळी पुस्तकं रिक्षांतून दुकानात आणून टाकली. म्हणाला, "काय द्यायचं ते द्या, नाहीतर देऊ नका. फ्लॅट रिकामा करायचाय."

दुसऱ्या दिवसापासून इनामदारबाई दुकानात यायला लागल्या. सरांची पुस्तकं आम्ही एका कपाटात लावली होती. त्या समोर बसायच्या, एकेक पुस्तक काढून फडक्याने पुसायच्या आणि परत ठेवायच्या. कुणी गिऱ्हाईक त्या कपाटाकडे वळलं की अण्णा सांगायचे, "ती ऑर्डरची आहेत."

एक दिवस बाई म्हणाल्या, "आता विकून टाका, वामनराव. मुलगा मला घेऊन चाललाय."

"एखादं तरी सोबत न्या."

"नको म्हणतो तो. सामानाचं वजन वाढतं. तिकडे सगळं कॉम्प्युटरवर वाचायला मिळतं म्हणे." त्यांनी एक पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं. वर सरांची शाईतली सही होती. बाई सहीवरून बोट फिरवत राहिल्या. मग विचारलं, "एवढं पान फाडलं तर चालेल? पर्समध्ये जाईल."

आता अण्णा कसे, तर कुणी पानाचा कोपरा दुमडला तरी अंगावर जायचे! एका वकिलाला त्यांनी त्यासाठी दुकानाबाहेर काढलं होतं.

अण्णांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून धरलं.

"सावकाश ओढा," ते म्हणाले. "म्हणजे सरळ फाटेल."

* * *

मग जागेच्या मालकाने जागा एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटला द्यायची ठरवली. अण्णांनी भांडण केलं नाही. दाराला पाटी लावली: दुकान बंद होत आहे, सर्व पुस्तकं निम्म्या किमतीत.

काय गर्दी लोटली म्हणून सांगू! चिकपेटेत सणाच्या आधी साड्यांना नसेल एवढी. लोक पिशव्या घेऊन आले. एक सफारीवाले गृहस्थ तर अण्णांचा हात हातात घेऊन गहिवरले.

"अण्णा, असं करू नका हो! या शहरात असं एक तरी दुकान जगलं पाहिजे! पुस्तकं गेली तर माणसाजवळ राहिलं काय? आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!"

आजूबाजूच्या चार लोकांनी माना डोलावल्या. गृहस्थांनी रुमाल काढला.

मूर्ती बिलं करता करता थांबला आणि त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "सरी सार, बरोबर. परंतु आपण कोण?"

आम्ही दोघांनीही त्यांना दुकानात कधी बघितलं नव्हतं!

* * *

त्याच दिवशी संध्याकाळी सगळं संपलं. फळ्या रिकाम्या झाल्या. मूर्तीने झाडून घेतलं, मी दिवा बंद केला. इन्स्टिट्यूटचा माणूस किल्ली घ्यायला येऊन फुटपाथवर उभा होता. अण्णांनी शटर खाली ओढलं आणि कुलूप घालणार, एवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या.

"अहो, बंद केलंत का? मला बाराखडीचं पुस्तक हवं होतं. नातीसाठी. तिच्या शाळेत मराठी नाही ना, घरीच शिकवायचं ठरवलंय."

मी सांगायला तोंड उघडलं. अण्णांनी हातानेच मला थांबवलं आणि शटर पुन्हा वर केलं.

दिवा लावला. बाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांना दिसत होतं ना सगळं! अण्णा मात्र चालत मागच्या भिंतीपर्यंत गेले. सगळ्यात वरच्या फळीवरून हात फिरवला, मग मधल्या, मग खाली वाकून सगळ्यात खालच्या. हाताला धूळ लागली ती धोतराला पुसली. परत दाराशी आले.

"आज नाहीये," ते म्हणाले. "उद्या या."

बाईंनी एकदा त्या भिंतीकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. "बरं. किती वाजता येऊ?"

"दहाला उघडतो."

बाई गेल्या. अण्णांनी दिवा बंद केला, शटर ओढलं, कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं. इन्स्टिट्यूटचा माणूस हात पुढे करून उभा होता.

अण्णांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि घराकडे चालायला लागले.