इंजिनाच्या काचेतलं पाणी

इंजिनातलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या चाव्या उघड्या आहेत का, हे मी पाहिलं नव्हतं. तरी "आहेत" म्हणालो. आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी जाऊ दिला.

मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फोरमन आहे. आमच्याकडे एक छोटं वाफेचं इंजिन आहे. पाण्याच्या टाक्या त्याच्या दोन्ही कुशींना. पूर्वी ते अरुंद रुळांवरून शेतातला ऊस कारखान्यात ओढायचं. पुढे ट्रॅक्टर आले, रूळ उखडले, इंजिन भंगाराशेजारी गंजत राहिलं. गेल्या वर्षी ठरलं, गळिताच्या पहिल्या दिवशी उसाची पहिली मोळी त्यानेच आणायची. थोडे रूळ पुन्हा टाकले. टाक्यांना नवे पत्रे घातले, बॉयलरच्या गंजून सडलेल्या नळ्या ठोकून काढून नव्या बसवल्या.

हे इंजिन उभा जन्म चालवलेले ड्रायव्हरकाका जवळच्या वस्तीवर राहतात. ते रोज यायचे. "चिमणीतलं घरटं काढा आधी," म्हणायचे, "न्हाईतर साळुंकी लई शिव्या घालंल." गळिताच्या पहिल्या दिवशी इंजिन त्यांनीच चालवायचं होतं. त्यासाठी त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला होता.

बॉयलरमधलं पाणी एका काचेच्या नळीत दिसतं. गळिताआधी इंजिन चालवून बघायचं ठरलं होतं; त्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी नळीचे नट आवळताना तिच्या दोन्ही टोकांच्या, पाणी आत सोडणाऱ्या चाव्या मी बंद केल्या आणि उघडायला विसरलो. सकाळी काकांनी विचारलं, तेव्हा मी ते उत्तर दिलं. इंजिन पुढे-मागे धावत राहिलं. बॉयलर रिकामा होत गेला, काचेत मात्र अडकलेलं पाणी तसंच दिसत होतं. शेवटी भट्टीवरचं शिशाचं बूच वितळलं आणि वाफेने आग विझली. त्यासाठीच ते असतं. कुणाला इजा झाली नाही.

"म्हाताऱ्याला आता दिसत नाही," कुणीतरी म्हणालं. कारखान्याच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. इंजिन चालवायचं काम दुसऱ्याकडे गेलं. काका उपरण्याने हात पुसत घरी गेले.

बूच बदललं, बॉयलर पुन्हा तपासून झाला. मग मी वस्तीवर गेलो.

"या फोरमन," काका म्हणाले. "बंद चाव्या घावल्या का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"काचेतलं पानी हलत नव्हतं, ते मागून ध्यानात आलं. मीबी चाव्यांना हात लावून बगायला पायजे हुतं."

"चुकलं माझं, काका."

"मला काय सांगतो? मी आंधळा न्हाई, हे मला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत सगळे इंजिनापाशी बसले होते. साहेबांनाही बोलावलं. काकांना मी स्कूटरवर घेऊन आलो होतो.

"चाव्या मी बंद केल्या होत्या," मी म्हणालो. "काकांनी विचारलं, तर न बघता उघड्या आहेत म्हणालो. त्यांच्या नजरेत काही दोष नाही. इंजिन त्यांनाच चालवू द्या. काका, सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."